सोहोनी सरांनी ठरवलेली बैठक

वीज मंडळाचा माणूस मीटरचा आकडा टिपायला आला आणि यमन ऐकून गेला. आकडा टिपायचा राहूनच गेला. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा फाटकाबाहेर सायकलवरून एक पाय टेकून उभा राहिला आणि आमच्या ह्यांना म्हणाला, "सोहोनी सर हायत का आत? असतील तर मी उद्या येतो."

सोहोनी सरांचं हे असंच होतं. माणूस हाताशी आला की त्याचा श्रोता करायचा. पोस्टमन, गॅसची टाकी आणणारा, नळ दुरुस्त करणारा, कुणी सुटला नाही. एकदा पत्ता चुकून एक विमा एजंट आला. सरांनी त्याला धरलं, त्यानं सरांना धरलं. सगळी दुपार गेली. सरांनी विमा काढला नाही आणि एजंटाला भूप कळला नाही, पण निघताना दोघांनी एकमेकांचे आभार मानले.

आलेल्या माणसाला सर एकच वाक्य म्हणायचे, "बसा, सोय आहे." कशाची सोय, हे विचारायला त्याला वेळच मिळायचा नाही. तोवर सतरंजी पसरलेली असायची आणि आतून कुणीतरी तंबोरा घेऊन यायचं. मुलं सरांना मागे 'सोयोनी सर' म्हणायची. सरांना ते माहीत होतं. "नाव ठेवायला माणसं आहेत, हीसुद्धा एक सोयच," असं म्हणायचे.

सर विद्यापीठाच्या संगीत विद्यालयाचे प्रमुख. संगीत विद्यालय म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी मोठं येतं, पण आमचं विद्यालय सांगलीजवळ माधवनगरला सुताच्या एका जुन्या गोदामात होतं. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. आमचे हे पलटणीतून निवृत्त होऊन तिथं वॉचमन लागले आणि गोदामामागची खोली आम्हाला राहायला मिळाली. झाडलोट आणि चहा माझ्याकडं आला. मी खटाव तालुक्यातली, चौथी शिकलेली. चारचौघांत मला बोलायला जमत नाही. मी खोलीत झाडू घेऊन गेले तरी माणसं बोलायची थांबत नाहीत, त्यामुळे ऐकायला पुष्कळ मिळालं.

नवीन मुलगी नाव घालायला आली की सर तिच्या आईवडिलांना सगळ्या सोयी हिंडून दाखवायचे. मी मागनं चहा घेऊन असायची, म्हणून मला ते सगळं पाठ झालं होतं.

"हा आमचा ध्वनिरोधक कक्ष," असं म्हणून सर एक गोधडी बाजूला करायचे. गोदामात भिंती नव्हत्या. दोऱ्या बांधून त्यांवर गोधड्या टाकल्या होत्या आणि त्या गोधड्या मीच शिवलेल्या होत्या. "एका कक्षातला आवाज शेजारच्या कक्षात अजिबात जात नाही." हे बोलत असतानाच कुणाची तरी तान अंगावर यायची. पालक इकडेतिकडे बघायचे. सर शांतपणे म्हणायचे, "हा शेजारचा नव्हे. हा तिसऱ्या कक्षातला."

मे महिन्यात त्या गोधड्यांत मुली उकडून निघायच्या. सरांचं म्हणणं, घाम आला म्हणजे सूर आत मुरतो.

पुढची सोय ध्वनिमुद्रणाची. विद्यालयात एक टेपरेकॉर्डर होता आणि तो फार हळू फिरायचा. त्यात कुठल्याही मुलीचा आवाज मिशीवाल्या माणसासारखा यायचा. इस्लामपूरची एक मुलगी आपला आवाज ऐकून रडायलाच लागली. सर म्हणाले, "रडतेस काय? तुला खर्जाची सोय झाली. खर्ज मिळवायला लोकांची वर्षं जातात."

ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. त्याचं कुलूप कायमचं बसलं होतं. मग आमच्या ह्यांनी कपाटाचा मागचा पत्रा कापून दिला आणि पुस्तकं मागून काढायला लागली. त्याला सर मुक्तद्वार ग्रंथालय म्हणायचे. मंच सुताच्या पेट्यांचा होता. उजवीकडची एक पेटी दबायची, म्हणून तिथं फक्त बारीक अंगाच्या मुलीनं बसायचं असा नियम होता.

शेवटची सोय लयीची. गोदामाच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग होते. दिवसभर खडखडाट चालायचा. सर म्हणायचे, "विद्यालयाला लय बाहेरून पुरवली जाते." तबल्याच्या मुलांना त्याची एवढी सवय झाली होती, की माग बंद असले की ती चुकायची. मागच्या गल्लीतल्या एका मागाचा पट्टा ढिला झाला तेव्हा आठवडाभर सगळा वर्ग ओढून वाजवत होता.

सोयी झाल्या की सर संधींवर यायचे. "नुसतं शिकून काय होतं? मुलीला चार माणसांत बसता आलं पाहिजे. आमच्याकडं सादरीकरणाच्या संधी आहेत." संधी हा शब्द ते प्रसादासारखा वाटायचे.

कुणी त्यांना बोलवायचं असं नव्हतं. सर स्वतः जाऊन संधी घेऊन यायचे. फलटणच्या बाजूला एका साखर कारखान्याचा बॉयलर पेटवायचा होता. सरांनी तिथं तीन मुलींचं गाणं ठरवलं. मुलींनी डोळे मिटून सूर लावला आणि कारखान्याचा भोंगा झाला. मुली दचकून गप्प झाल्या. सर खालून ओरडले, "थांबू नका! भोंगा पंचमात आहे, तोच धरा!" बागाईतदारांच्या सभेत द्राक्षाच्या औषधावरचं भाषण आणि आभार यांच्यामध्ये सरांनी एक ख्याल बसवला. निम्मे बागाईतदार झोपले. परत येताना सर आनंदात होते. "ज्याचा आपल्यावर विश्वास नाही, तो माणूस आपल्यापुढं झोपतो का?"

माणमध्ये जनावरांचं प्रदर्शन होतं, तिथंही सर मुलांना घेऊन गेले. गाण्याच्या मध्ये मध्ये लाउडस्पीकरवाला खिलार बैलांचे नंबर पुकारत होता. ऐकायला कुणी नव्हतं. फक्त मंडपाच्या बांबूला धरून एक मुलगी शेवटपर्यंत उभी होती. सरांनी तिला विचारलं, "गातेस का?" ती म्हणाली, "शेरडं वळताना." ती शालन. बारावी झाली होती. सर तिच्या घरी चारदा जाऊन आले आणि शेवटी तिला विद्यालयात घेऊन आले. सांगलीत तिची मावशी होती, तिच्याकडं राहायची सोय झाली.

शालनच्या वडिलांनी, रामभाऊंनी, सरांना तेव्हाच सांगितलं होतं, "शिकवा. पर ठरल्याली वर्सं झाली की पोरगी घरी. नापास झाली तर तिथनंच माघारी. दुसऱ्यांदा बसवायची न्हाई." सर म्हणाले होते, "नापास होणारच नाही."

तिचं शेवटचं वर्ष आलं तेव्हा सर पहिल्यांदा घाबरलेले मी बघितले.

कारण असं झालं. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे शेवटची परीक्षा मंचावर, श्रोत्यांसमोर द्यायची असते. आदल्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांना समोर आमचे हे आणि झोपलेला नळवाला एवढेच दिसले होते. त्यांनी वर कळवलं. विद्यापीठाचं उत्तर आलं, की यंदा श्रोत्यांनी सभागृह भरलेलं नसेल तर परीक्षा धरली जाणार नाही. आणि त्या वर्षी शेवटच्या परीक्षेला एकटी शालनच होती. परीक्षा धरली नाही म्हणजे ती नापास, आणि नापास म्हणजे रामभाऊ तिला घेऊन जाणार.

सर घरोघर हिंडले. पण रविवार, त्यात लग्नसराई आणि टीव्हीवर क्रिकेटची मॅच. वीज मंडळाच्या माणसानं तर बदली झाल्याचं सांगितलं. तो समोरच्याच गल्लीत आकडे टिपताना मला दिसला.

शेवटी सर आमच्या ह्यांना घेऊन सांगलीच्या स्टँडवर गेले आणि दहिवडीच्या गाडीच्या कंडक्टरला गाठलं. तो शालनच्या गावचा. सर काय बोलले ते ह्यांनी मला घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले, "शालनच्या वडिलांना एवढाच निरोप द्या. रविवारी चार वाजता मुलीची बैठक ठरवली आहे. पुण्याचे पाहुणे येणार आहेत. त्यांना मुलगी पसंत पडली की तिचं झालंच. जितकी म्हणून माणसं आणता येतील तितकी आणा. बसायची सोय आहे."

कंडक्टरनं एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. तिथंच घोटाळा झाला.

आमच्या भागात सोयरीक जुळवताना दोन्हीकडची जाणती माणसं समोरासमोर बसून देणंघेणं, मानपान ठरवतात. त्याला बैठक म्हणतात. गाण्यातल्या लोकांत बैठक म्हणजे गाणं. सर वाईच्या एका शाळामास्तरांच्या घरातले, लग्न न केलेले. त्यांना आमची बैठक ठाऊक नव्हती आणि कंडक्टरला त्यांची ठाऊक नव्हती. आमच्या ह्यांना दोन्ही ठाऊक होत्या, पण सरांच्या तोंडून रोज ऐकून ऐकून ते पुरते सरांच्या बाजूचे झाले होते.

रविवारी तीन वाजता फाटकापुढं एक ट्रक थांबला. त्यातून फेटे उतरायला लागले. फेटे, टोप्या, मागून बायका. सर धावत पुढं गेले. त्यांचे डोळे भरून आले होते. "या, या! बसा, सोय आहे!"

"लय लांबचं पाहुणं काढलं की तुमी," रामभाऊ म्हणाले. "निरोप आला तसं कामं टाकून निगालो बगा."

"अहो, मुलीचं आयुष्य आहे!" सर म्हणाले.

"तेच म्हंतो मी," असं म्हणत रामभाऊंचे थोरले चुलते तात्या पुढं आले. काठी, पांढऱ्या मिशा, डोळ्याला जाड चष्मा. सगळी भावकी त्यांच्या शब्दात होती.

मंडळी सतरंजीवर डाव्या अंगाला दाटीवाटीनं बसली. उजवं अंग मोकळं ठेवलं. सरांनी हात जोडून सांगितलं, "जरा पसरून बसा ना." तात्या म्हणाले, "असू दे. ती पाहुण्यांची बाजू." सरांना वाटलं, खेड्यातली माणसं परीक्षकांचा किती मान ठेवतात.

पुण्याच्या परीक्षक बाई आल्या. उंच, पिकलेले केस, रेशमी साडी, चेहऱ्यावर हसू नाही. सर त्यांच्या शेजारी बसले. मंचावर तबल्याला विलास होता. तो बँकेत नोकरी करून संध्याकाळी वाजवायला यायचा. दिसायला देखणा, त्या दिवशी झब्बाही नवा होता.

डावीकडं कुजबुज सुरू झाली. मी गोधडीच्या मागं चहा करत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"त्यो बगा मुलगा. रंगानं बरा हाय."

"सासू कडक दिसती."

"सासऱ्याचा सभाव बरा हाय, तवा चालतंय."

तात्या उठून थेट मंचापाशी गेले. विलास हातोडीनं तबला ठोकत होता. "काय पाव्हणं, नोकरी कुठं?"

"बँकेत," विलास म्हणाला.

"कायम हाय का?"

"कायम."

"शेती?"

"आहे थोडी, तासगावला."

"पाण्याची?"

"विहीर आहे."

तात्या माघारी येऊन बसले आणि म्हणाले, "हीर हाय." डावी बाजू समाधानानं हलली.

रामभाऊंनी वाकून सरांना विचारलं, "मुलगा तुमचाच न्हवं?"

सर म्हणाले, "इथली सगळी मुलं माझीच."

रामभाऊ जरा गोंधळले, पण मोठ्या घरात अशी बोलायची रीत असेल असं त्यांना वाटलं असावं.

शालन तंबोरा धरणाऱ्या मैत्रिणीला घेऊन मंचावर आली. आपल्या सगळ्या भावकीला बघून ती आधी चकित झाली आणि मग तिचा चेहरा खुलला. तिला वाटलं, सगळे गाणं ऐकायला आलेत. बाईंनी विचारलं, "नाव काय?" तिनं सांगितलं. "वर बघून बोला. काय तयार केलंय?"

"भीमपलास."

मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "सैपाकाचं इचारतिया."

गाणं सुरू झालं. मी बायकांसाठी चहा घेऊन गेले तेव्हा शालनच्या आत्यानं मला जवळ ओढलं. "तुमी मुलाच्या कोण?" मी चहाचा कप पुढं केला. "बोलत न्हाईसा, म्हंजे जवळच्या दिसता," असं म्हणून तिनं पिशवी उघडून दाखवली. "बगा, ह्ये आनलंय. काय कमी असंल तर आत्ताच सांगा." पिशवीत नारळ होता, खण होता, टॉवेल-टोपी होती आणि हळदीकुंकवाच्या पुड्या होत्या.

मी खटावची. ती पिशवी बघितली आणि ट्रे तिथंच ठेवून मी उठले.

आत येऊन मी ह्यांना सांगितलं. हे कपाळाला हात लावून दोन पावलं फिरले, मग वाकून वाकून सरांपर्यंत गेले आणि त्यांच्या कानात बोलले. सरांनी डावीकडं बघितलं, शेजारी बाईंकडं बघितलं, मंचाकडं बघितलं. शालन डोळे मिटून गात होती. डावीकडं कुणी खोकतसुद्धा नव्हतं, कारण मुलगी दाखवताना खोकायचं नसतं. सर ह्यांना काहीतरी पुटपुटले. हे परत येऊन मला म्हणाले, "गाणं संपेपर्यंत तोंड बंद. ऑर्डर हाय."

ऑर्डर टिकली असती. पण मोठा ख्याल संपला, शालन पाणी प्यायला थांबली आणि दारातून विलासची बायको कडेवर रडतं पोर घेऊन आत आली. ती सरळ मंचापाशी गेली. "हा राहत नाही. धरा जरा ह्याला." आणि पोर विलासच्या मांडीवर ठेवलं. पोरानं तबल्यावर थाप मारली आणि ते गप्प झालं.

डावी बाजू गुडघ्यांवर उठून बघायला लागली.

"आगं बया," आत्या म्हणाली, "बिजवर हाय का काय?"

"बिजवर कशाचा?" तात्या उठत म्हणाले. "पयलीच उभी हाय की हितं! मास्तर, ह्यो काय परकार हाय?"

सर उभे राहिले. इतकी वर्षं मी त्यांना कशालाही उत्तर देताना ऐकलं होतं. त्या वेळी त्यांनी नुसते हात जोडले. "चूक माझी आहे. लग्नाचं काही नाही. आमच्यात बैठक म्हणजे गाण्याची."

"आन् आमच्यात लग्नाची," तात्या म्हणाले. "भावकी गोळा करून, ट्रक करून आलो आमी. ह्या रामानं गावात सांगून ठेवलंय, पोरीचं जमतंय म्हणून. आता आमी कुठल्या तोंडानं जायाचं?"

रामभाऊंचा चेहरा उतरला होता. त्यांनी नुसतं मागं बघून म्हटलं, "उठा रं." फेटे उठायला लागले. शालन मंचावर पाण्याचं भांडं हातात धरून बसली होती. तिनं वडिलांकडं बघितलंच नाही. तिची मैत्रीण घाबरून तंबोरा छेडतच राहिली होती.

बाई त्या भांडणात पडल्या नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं आणि सरांना म्हणाल्या, "द्रुत चीज अजून व्हायची आहे. श्रोते उठून गेले तर परीक्षा अर्धवट, असंच मला लिहावं लागेल."

सर रामभाऊंकडं गेले. "माझ्यावर राग धरा. तिला तेवढं पुरं करू द्या."

"सरा बाजूला, मास्तर," रामभाऊ म्हणाले.

तात्या दारापर्यंत पोचले होते. तिथं ते थांबले आणि काठीवर वजन टाकून वळले. "शाले, अजून किती हाय गं तुजं?"

शालन म्हणाली, "एक चीज ऱ्हायलीया, तात्या. छोटी हाय."

"आन् आमी उटलो तर?"

"तर मोडलं."

तात्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "आरं रामा, लग्नाची असू दे न्हाईतर कशाची. बैठक ती बैठक. आपुन उठलो की चार गावांत म्हंतील, अमक्यांच्या भावकीनं बैठक मोडली. माज्या बापानं कवा मोडली न्हाई, मी मोडली न्हाई. हितं मोडू व्हय?" आणि आधी स्वतः खाली बसले. "बसा रं. आन् त्या बाजूला बी बसा काय जण, पाहुणं काय येत न्हाईत आता."

मंडळी पसरून बसली. सभागृह भरलं.

शालननं द्रुत म्हटली. गाण्यातलं मला फार कळत नाही. पण आधी ती परीक्षेसाठी गात होती आणि आता दाराशी बसलेल्या आपल्या माणसांकडं बघून गात होती, एवढं मला कळलं. विलासनं पोर बायकोकडं दिलं होतं. रामभाऊ मान खाली घालून बसले होते. मध्ये एकदा तान वर गेली तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मग पुन्हा खाली घातली नाही.

संपल्यावर काय करायचं ते भावकीला माहीत नव्हतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तात्या म्हणाले, "झालं का? बरं झालं." बाईंनी चष्मा काढला आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. "गाणं चालू असताना इतका शांत श्रोतृवर्ग मला पुण्यातसुद्धा मिळत नाही. मुलगी पहिल्या वर्गात आहे, सोहोनी. कुठून आणलेत हे लोक?"

सर म्हणाले, "मुलीच्या माहेरचे आहेत."

बाई गेल्या. रामभाऊंनी सरांना विचारलं, "ह्ये पास झाल्यावर पोरगी मास्तरीण हुती का?"

"होते."

"मग लग्नाचं थांबलं जरा तर चालंल," ते म्हणाले. कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, पण मी जवळच कप गोळा करत होते.

निघायची वेळ झाली तरी आत्या पिशवी घेऊन उभीच. "आन् ह्याचं काय करायचं? नारळ माघारी न्हेत न्हाईत."

सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी सरांकडं बघितलं. "मुलगा न्हाई. पर मुलाचा बाप म्हणून मगापास्नं ह्येच बसल्यात की."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. आत्यानं सरांना कुंकू लावलं. रामभाऊंनी त्यांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. मग आमच्यात व्याह्यांनी एकमेकांना भेटायची रीत असते, तसे ते सरांना छातीशी धरून भेटले. सरांना ते माहीत नव्हतं. त्यांचे हात दोन्ही बाजूंना तसेच राहिले, एकात नारळ. रामभाऊ दुसऱ्या बाजूनं भेटायला लागले तेव्हा सरांचा मोकळा हात वर आला आणि त्यांच्या पाठीवर टेकला. भेट झाल्यावरसुद्धा तो काढायचा त्यांच्या लक्षात आलं नाही.

"व्याही झालासा आता," रामभाऊ म्हणाले. "आखितीच्या सणानंतर आमची जत्रा असती. यायचं बरं का."

असं बोलायचंच असतं. ट्रक गेला. सर फाटकापाशी बराच वेळ उभे होते.

दोन दिवसांनी सर आमच्या खोलीच्या दाराशी आले. चहा सांगायला आले असतील म्हणून मी उठले, तर म्हणाले, "चहा नको. एक विचारायचं होतं. व्याही झाल्यावर पुढं काय करायचं असतं?"

मला वाटलं, चेष्टा करतात. पण त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. मी म्हटलं, "जत्रेला बोलावलंय न्हवं. जायचं असतं."

"ते खरंच बोलावलं असेल का?"

"नारळ दिलाय," मी म्हटलं.

हे त्यांना पटलं. त्यांनी आणखी विचारलं, काय न्यायचं, बायकांना खण चालतो का, पेढे सांगलीचे न्यावेत की साताऱ्याचे. एवढ्या वर्षांत सर कुणाकडं पाहुणे म्हणून गेलेले मी बघितले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत ते विद्यालय उघडून बसायचे, रियाजाची सोय म्हणून. कुणी यायचं नाही. लक्ष्मीपूजनाला मी करंज्यांची ताटली नेऊन ठेवायची आणि ते एकटे ओळीनं सगळे तंबोरे जुळवत बसलेले असायचे.

जत्रेच्या आदल्या दिवशी ते पुन्हा आले. इस्त्रीचं धोतर, हातात पिशवी. गाडी अकराची होती आणि तेव्हा नऊसुद्धा वाजले नव्हते.

"अशा ठिकाणी किती दिवस राहायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"निघू म्हटलं की ती माणसं आग्रह करतात. आग्रह करतील तोवर राहायचं."

सरांनी पिशवीचे बंद सारखे केले.

"आणि आग्रह केला नाही तर?"

"करतात हो सर," मी म्हटलं.